अलाबामा आख्यानाची वही

१

श्यामलाची वही मध्यंतरात नाहीशी झाली, आणि केनेट मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने पाच मिनिटांत निकाल दिला की ती वही मुळात आलीच नव्हती.

निकाल देणारे डॉ. उदय वर्तक, मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चाळीस वर्षं इंग्लंडातल्या रीडिंग शहरात लोकांचे दात काढले. निवृत्त झाल्यापासून ते भाषणं करतात. पहिल्या धंद्यात निदान भूल तरी देत असत.

मी स्वतः एकतीस वर्षं कौन्सिलच्या पार्किंग अपील विभागात होते. गाडी लावायला मनाई असलेल्या डबल यलो लाइनवर गाडी लावून माणूस काय काय कारणं लिहून पाठवतो, ते मी रोज वाचलं. एकाच गृहस्थांची आजी तीन वेळा वारली होती. तेव्हा खोटं ऐकलं की माझ्या कानामागे खाज येते. त्या रविवारी ती आली होती, पण मी कीर्तनाच्या नादात होते. कीर्तन लागलं की मला दुसरं काही दिसत नाही.

जूनमधली दुपार, चर्चचा हॉल, बाहेर एकोणतीस डिग्री. श्यामला कानडे कीर्तनाला उभी होती. वय एकाहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, कमरेला पदर खोचलेला, हातात चिपळ्या. पूर्वरंगात तिने अभंगाचं निरूपण केलं आणि उत्तररंगात आख्यान लावणार होती ते अलाबामाचं. हो, अमेरिकेच्या दक्षिणेतलं ते राज्य. हॉल ज्यांचा, त्या चर्चच्या पास्टर लोरेटा मूळच्या तिथल्या. त्या प्रवचन बोलता बोलता गायला लागतात, ऑर्गन त्यांना उत्तर देतो, बाकांवरून लोक होकार भरतात. दोन वर्षांपूर्वी श्यामलाने ते पहिल्यांदा ऐकलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मधू, अगं हे तर आपलंच आहे." तेव्हापासून तिने ग्रंथालयात बसून त्या राज्याचा इतिहास वाचला, साक्या रचल्या, दिंड्या रचल्या. पुढच्या शनिवारी चर्चमध्ये दोघी एकामागून एक उभ्या राहणार होत्या, आधी पास्टरबाई आणि मग श्यामला. रविवारी फक्त आपल्या माणसांसमोर तालीम होती.

मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात आणि नामाच्या गजरात पुढे जातात, अशी आपली रीत. मंडळाने त्याचा केला टी-ब्रेक. स्टेजचा पडदा ओढला आणि पुढची रांग आधी, मग दुसरी, अशी शिस्तीत माणसं चहाकडे सोडली. मी दारात बुक्क्याची डबी घेऊन उभी. मोकळं कपाळ दिसलं की मी सोडत नाही, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे. मागे लागते, पार्किंगपर्यंत जाते. मंडळाने आणलेली डबी मात्र एवढीशी, औषधाच्या गोळ्यांची असावी तशी. दुसरी रांग संपता संपता बुक्का संपला. रिकामी डबी पर्समध्ये टाकली, पर्समधलं माझं अष्टगंध काढलं आणि बाकीच्यांची कपाळं केशरी केली. देवाच्या दारात कंजुषी करणाऱ्यांबद्दल मनात जे आलं ते इथे लिहीत नाही.

पडदा उघडला. श्यामलाने विठोबाच्या तसबिरीसमोरच्या चौरंगावरचं वस्त्र उचललं. खाली वही ठेवलेली असायला हवी होती, पण तिथे काहीच नव्हतं. ती वळली, आणि पन्नास वर्षं पाठ असलेलं ध्रुवाचं आख्यान लावलं. ते इतकं रंगलं की निम्म्या लोकांना काही बिनसल्याचं कळलंच नाही.

शेवटची आरती झाल्यावर वर्तक हळूच म्हणाले की जुनं लक्षात राहतं, नवं राहत नाही, हे अगदी टेक्स्टबुक लक्षण आहे, वही घरीच राहिली असणार, आणि शनिवारचा धोका मंडळाने पत्करावा का, हा विचार व्हायला हवा.

श्यामलाने ते ऐकलं. ती माझ्या कानाशी आली.

"मधू, मी वही आणली होती ना गं?"

मला तिच्या आवाजाची भीती वाटली. ती वहीबद्दल विचारत नव्हती.

२

स्टेजमागे एक बोळ आहे. त्याचं एक दार हॉलमध्ये उघडतं, दुसरं बाहेरच्या अंगणात. अंगणात आमचा पेटीवाला माधव सिगरेट ओढत होता. त्याने सांगितलं की मध्यंतरात बोळात तिघंच आली. अध्यक्ष, सुमेधा आणि अपूर्व. कोण आधी, कोण नंतर, किती वेळ, ते त्याला सांगता येईना. माधवला पेटीच्या सुरांखेरीज जगातल्या कुठल्याच गोष्टीचा क्रम सांगता येत नाही. पण बाहेरच्या दाराने कुणी गेलं नाही, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

तिघं अजून हॉलमध्येच होती. वर्तक पहिल्या रांगेत मधोमध बसले होते, ते ओल्या टिश्यूने कपाळावरचा काळा बुक्का पुसत होते, जणू कुणी त्यांच्यावर आरोप चिकटवला होता. ते म्हणाले की बोळात ते पेन ड्राइव्ह शोधायला गेले होते.

सुमेधा चौथ्या रांगेत होती. ही मंडळाच्या वार्षिक अंकाची संपादक. जन्म इथल्याच स्लाऊ गावचा, शिक्षण स्लाऊचं, आणि मराठी कुठलं ते तिलाही सांगता येणार नाही. अंकासाठी तिने श्यामलाकडे आख्यान छापायला मागितलं होतं आणि श्यामलाने आधी उभी राहीन, मग देईन, असं सांगितलं होतं. सुमेधा फोनच्या कॅमेऱ्यात बघून कुरकुरत होती की केशरी टिळ्याने तिच्या गुलाबी साडीची वाट लावली. बोळात ती चार्जर लावायला गेली होती. "माझा चूक नाही," ती मला न विचारताच म्हणाली. "मी काय चोरी करणार, मला तर तिचा अक्षर पण वाचता येत नाही."

आणि अपूर्व. तिशीतला, पुण्याचा, रीडिंगच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर, आणि मंडळाचा सांस्कृतिक सचिव. हा सगळ्यात मागे, ध्वनियंत्रणेच्या टेबलापाशी होता. टेबलावर वायरी, चिकटपट्टी, जाड काळा मार्कर. प्रत्येक वायरीला नाव लिहून चिकटवलेलं, इतका व्यवस्थित मुलगा. बोळात तो माइकची बॅटरी आणायला गेला होता. श्यामलाला आख्यानासाठी माहितीची वीस पानं त्यानेच दिली होती. युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये तीन आठवडे बसून काढली, असं तो सांगायचा.

तो श्यामलाच्या पायाशी बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "काकू, तुमचा माइक मीच लावला ना सुरुवातीला? तेव्हा चौरंगावर वही नव्हती हो. असती तर दिसली असती मला. असू दे, होतं असं."

त्याच्या कपाळावर बुक्क्याचा ठसठशीत काळा टिळा होता. हल्लीची मुलं चहाच्या आधी पुसून टाकतात, याने तासाभरानेही ठेवलाय, हे पाहून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, भरून आलं होतं. माझं काय, मी भाबडी आहे.

श्यामलाने मान हलवली. "नसेल मग," ती म्हणाली. "नसेलच आणली."

घरी सोडताना गाडीत तिने एवढंच सांगितलं की वही घरात नसली तरी तिला आश्चर्य वाटणार नाही, आणि कुठेतरी फ्रीजमध्ये सापडली तरी वाटणार नाही. तिच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. बुधवारपर्यंत वही मिळाली नाही, तर ती चिपळ्या ठेवून देणार होती, शनिवारपुरत्या नाही, कायमच्या.

३

सोमवारी आम्ही दोघींनी घर उलथंपालथं केलं. फ्रीजसुद्धा बघितला. वही नव्हती.

मंगळवारी मी वर्तकांकडे गेले. काचेच्या खोलीत वेताच्या खुर्च्या आणि भिंतीवर स्वतःच्याच सत्कारांचे फोटो. त्यांनी मला पाऊण तास कीर्तन या प्रकाराच्या मर्यादा समजावल्या. इतिहास गाऊन सांगायची गोष्ट नाही, त्याला स्लाइड्स लागतात. चिपळ्या वाजवून मॉन्टगोमेरीतल्या बसबहिष्कारावर बोलणं म्हणजे गांभीर्याचा अभाव. मी विचारलं की तुम्ही श्यामलाचं कीर्तन पूर्ण कधी ऐकलंत? ते म्हणाले, तत्त्व म्हणून नाही. न ऐकता मत देणाऱ्यांची अपिलं मी कायम शेवटी ठेवत असे. वही त्यांनी पाहिली नव्हती आणि पाहायची इच्छाही नव्हती.

सुमेधाला मी तिच्या स्लाऊच्या ऑफिसखाली गाठलं. ती सँडविच खात होती. तिने मला तिच्या फोनमधले सगळे फोटो पाठवून दिले, चारशे बारा. त्यातले दोनशे तिचे स्वतःचे. वही कुठे दिसते का बघा, म्हणाली. कुठेच दिसत नव्हती. श्यामलाने ती वस्त्राखाली देवापुढे ठेवली होती, दिसणार कशी? पूर्वरंग तिला पाठ, त्यात वही उघडायची गरजच नव्हती.

अपूर्व संध्याकाळी रीडिंग स्टेशनबाहेरच्या कॉफीशॉपमध्ये भेटला. आत एसी बंद पडलेला, माणसं वर्तमानपत्राने वारा घेत होती, आणि हा क्रिकेटची टोपी भुवयांपर्यंत ओढून बसलेला. ऊन बाधलं म्हणाला. माझ्यासाठी चहा आणला, साखर विचारली. श्यामलाकाकूंची काळजी वाटते म्हणून तो रोज फोन करत होता, काकू आठवलं का, असं विचारायला. मेमरी क्लिनिकची लिंकही त्याने तिला पाठवली होती.

इतकी चांगली वागणूक बघून मला माझ्या संशयी स्वभावाची लाज वाटली. कानामागे मात्र खाज सुटली होती. ती मी उन्हाळ्यावर ढकलली.

घरी पोचते तो फोनवर मंडळाचा निरोप येऊन पडला होता. प्रकृतीच्या कारणामुळे शनिवारचं कीर्तन रद्द. त्याऐवजी चर्चमध्ये अध्यक्षांचं इंग्रजी व्याख्यान. विषय होता अलाबामा, इतिहास आणि माणसं.

४

बुधवारी सकाळी मी तो निरोप आणि त्याला जोडलेल्या स्लाइड्स घेऊन श्यामलाकडे धडकले. चोर सापडला होता. दोन दिवसांपूर्वी ज्या माणसाला अलाबामा नकाशावर दाखवता आलं नसतं, त्याच्याकडे आज तेवीस स्लाइड्स कुठून आल्या? त्याही तिच्याच क्रमाने. टस्कंबियाच्या पंपाखाली हात धरलेली छोटी हेलन केलर, मग टस्कीगीत भुईमूग शिकवणारे कार्व्हर, मग एंटरप्राइज गावातला किडीचा पुतळा, आणि शेवटी बसमधली जागा गोऱ्या माणसाला न दिल्याबद्दल रोझा पार्क्सना अटक झाल्यावर, बस सोडून तीनशे एक्क्याऐंशी दिवस पायी चाललेली माणसं.

श्यामला चिपळ्या जुन्या ओढणीत गुंडाळत होती. तिने चष्मा लावला आणि स्लाइड्स बघायला लागली. पुतळ्यापाशी थांबली.

त्या गावाची गोष्ट तिला फार आवडायची. कापसावर बोंडं पोखरणारा भुंगा पडला, पीक बुडालं, शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि आधीपेक्षा सुखी झाले. मग त्यांनी चौकात पुतळा उभारला, त्या किडीचे आभार मानायला. संकटाला हार घालणारं गाव, असं ती म्हणायची.

वर्तकांच्या स्लाइडवर लिहिलं होतं की एकोणीसशे एकोणीस साली, हातात भुंगा घेतलेल्या स्त्रीचा पुतळा उभारला गेला.

"चूक आहे," श्यामला म्हणाली. "पुतळा एकोणीसचा. भुंगा एकोणपन्नास साली बसवला. तीस वर्षं ती बाई नुसतीच हात वर करून उभी होती."

मी पुढची स्लाइड दाखवली. तिने न अडखळता तारखा सांगितल्या. अटक पहिल्या डिसेंबरला, बहिष्कार पाचव्यापासून, टॅक्सीवाले दहा सेंटला नेत होते, चर्चच्या मोटारी माणसं पोचवत होत्या. मग साकीही म्हणाली, ओढणीतल्या चिपळ्यांवर बोटं ठेवून:

*पायहि दुखती, वाट न सरते, चालत गेली सारी,*
*रिकामीच ती धावे गाडी, वाट पाहते दारी.*

ध्रुवाचं आख्यान तिला पन्नास वर्षांपासून पाठ होतं, हे दोन वर्षांतलं. नवं राहत नाही म्हणे. टेक्स्टबुक म्हणे.

"श्यामले," मी म्हटलं, "तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. आणि भुंग्याची ही तारीख वहीत होती ना?"

वहीत होती, लाल शाईत. अपूर्वच्या वीस पानांत एकोणीस साल होतं, तिने ग्रंथालयात ताडून पाहिलं आणि दुरुस्त केलं. तशा बऱ्याच दुरुस्त्या होत्या. म्हणजे वर्तकांनी वही पाहिलेली नव्हती. पाहिली असती, तर लाल शाईतली दुरुस्ती त्यांच्याही लक्षात आली असती. एवढा आढ्यताखोर माणूस, आणि निर्दोष ठरला तो निव्वळ अडाणीपणामुळे.

मग त्यांनी स्लाइड्स कशावरून केल्या?

शेवटच्या स्लाइडवर एक नाव होतं. आयझाया टकर, घोडागाडीवाला, ज्याने तीनशे एक्क्याऐंशी दिवस मॉन्टगोमेरीच्या बायकांना फुकट पोचवलं. श्यामला हसली, रविवारपासून पहिल्यांदाच. हा आयझाया अपूर्वच्या पानांत होता आणि जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिने पास्टरबाईंनाही विचारलं होतं. त्यांची आजी तेव्हा त्या रस्त्यांवरून चालली होती, त्यांनीही हे नाव ऐकलेलं नव्हतं. तरी श्यामलाने त्याला आख्यानात ठेवलं होतं. कीर्तनकार प्रसंग रचतातच, फक्त गादीवरून सांगायचं की हा रचलेला आहे. तिच्या गुरूंचा तो दंडक.

"मी शनिवारीच अपूर्वला फोनवर सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, तुझ्या पानांतलं खरं किती, रचलेलं किती, ते सगळं उद्या गादीवरून सांगणार आहे. बिचारा गप्पच झाला. पण रागावला नाही हं. रोज फोन करतो."

कानामागची खाज आता थेट मानेपर्यंत आली.

५

पण हेतू असला म्हणजे चोरी सिद्ध होत नाही. अपूर्व म्हणेल, मी मध्यंतरात बॅटरी घेऊन लगेच हॉलमध्ये आलो, रांगेत होतो, बुक्का लावून घेतला, कपाळ बघा. आणि कपाळ तर मीच पाहिलं होतं.

मी सुमेधाचे फोटो पुन्हा काढले. तिचे स्वतःचे दोनशे सोडून. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो होता, शिस्तीत रांगांनी उभे केलेले. मी वही शोधत होते म्हणून मला इतके दिवस दिसलं नव्हतं. आता नुसती कपाळं बघितली.

पहिल्या दोन रांगा काळ्या. वर्तक पुसलेले. तिसऱ्या रांगेपासून शेवटपर्यंत केशरी, केशरी, केशरी. सुमेधा केशरी. आणि सगळ्यात मागे, टेबलापाशी, एकच काळा ठिपका.

मला माझीच कीव आली. काळा टिळा बघून भरून आलेली बाई ती मीच, आणि तो टिळा मी लावलेलाच नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी सहाला कार्यकारिणीची बैठक त्याच हॉलमध्ये होती. मी श्यामलाला घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, चिपळ्या घेऊन ये, ठेवायच्या असतील तर सगळ्यांसमोर ठेव. वर्तक माइक तपासत होते. सुमेधा होती, माधव होता. अपूर्व टोपी घालून लॅपटॉप लावत होता.

मी आधी अध्यक्षांना विचारलं की आयझाया टकरची माहिती त्यांना कुठे मिळाली. त्यांनी ऐटीत सांगितलं, प्राथमिक साधनांमधून. मी विचारलं, म्हणजे कुठून? ते अपूर्वकडे बघायला लागले. अपूर्वने मंगळवारी त्यांना तीच वीस पानं दिली होती, आणि आर्काइव्हमधली तीन आठवड्यांची मेहनत ऐकून त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बघितलं की स्वतः काही वाचायची सवय जात असावी.

"या नावाचा माणूस झालाच नाही," मी म्हटलं. "शनिवारी तुम्ही अलाबामात वाढलेल्या बाईला हे ऐकवणार होतात."

वर्तकांनी माइक बंद केला. त्यांच्या आयुष्यात असं बहुधा पहिल्यांदाच झालं असेल.

मग मी अपूर्वकडे वळले. त्याने शांतपणे सांगितलं की पानांत एखादी चूक राहिली असेल, पण वहीशी त्याचा काय संबंध, तो तर मध्यंतरात सगळ्यांबरोबर रांगेत होता.

"बुक्का कुणी लावला तुला?"

"तुम्हीच की, काकू."

"काळा?"

"हो. काळाच असतो ना."

मी पर्समधून ती एवढीशी रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली. ती दुसऱ्या रांगेला संपली होती, आणि तेव्हापासून माझ्याच पर्समध्ये होती. म्हटलं, तुझ्या पुढच्या, बाजूच्या, सगळ्या माणसांना मी अष्टगंध लावलं. फोटो फिरवला. सुमेधाने आपला केशरी टिळा बघून मान डोलावली.

"तू बोळातून उशिरा आलास. रांग संपली होती. बोळाच्या दारातून येताना पुढे बसलेल्यांची कपाळं तुला काळी दिसली, घाईत बाकीची तू पाहिलीच नाहीस, आणि मोकळ्या कपाळाच्या माणसाला मी गाठून विचारते, कुठे होतास, हे तुला ठाऊक होतं. म्हणून हजेरी तुझी तूच लावलीस. कशाने लावलीस, ते टोपी काढलीस की कळेल."

श्यामला उठली. तिने त्याच्यासमोर जाऊन, लहान मुलाची काढावी तशी, त्याची टोपी काढली. कपाळाच्या मधोमध, घासून घासून लाल झालेल्या कातड्यावर, पक्क्या मार्करचा राखाडी डाग होता. चार दिवस साबण लावूनही न गेलेला.

तो खाली बसला आणि जे होतं ते सांगून मोकळा झाला. आर्काइव्ह वगैरे काही नव्हतं. वीस पानं त्याने कॉम्प्युटरकडून एका दुपारी लिहून घेतली होती आणि वाचलीही नव्हती. श्यामला ते गादीवरून सांगणार, ऑफिसमधले चार मराठी लोक समोर असणार, ज्यांना तो आर्काइव्हच्या गोष्टी सांगत होता. माइक लावताना त्याने वस्त्राखाली वही पाहिली, चाळली, लाल शाई बघितली. मध्यंतरात पडद्याआडून उचलून लॅपटॉपच्या बॅगेत घातली.

पार्किंग अपिलात मी हेच पाहिलं. दंडाला कुणी भीत नाही, हसं होण्याला भितात. पण एका एकाहत्तर वर्षांच्या बाईला ती वेडी होत चाललीय असं रोज फोन करून पटवणं, चहात साखर विचारत, हे मी तिथेही पाहिलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं.

"वही टाकून दिलीस?" श्यामलाने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. दोन वेळा तो रिसायकलिंगच्या डब्यापर्यंत गेला होता. पहिल्या पानावर श्री लिहिलेलं होतं. टाकायला हात धजला नाही. घरी देवांच्या फळीवर ठेवली होती, मागच्या बाजूला, फडक्यात बांधून.

"म्हणजे मी आणली होती," श्यामला म्हणाली. एवढंच. मग खुर्चीवर बसून रडली, आणि माझ्यापुरती ती चोरी तिथे संपली.

६

शनिवारी चर्च भरलं होतं. वर्तक तिसऱ्या रांगेत बसले, त्यांना बरं नव्हतं म्हणे. भाषण पोटात राहिलं की होतं तसं.

पास्टर लोरेटांनी बोलायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा आवाज सुरात चढला. ऑर्गन मागून आला, बाकांवरून होकार आले, आणि आमच्या साडीतल्या बायकाही नकळत हो हो म्हणायला लागल्या. मी डोळे पुसले. असं प्रवचन ऐकताना देव कुठल्या भाषेत ऐकतो, हा प्रश्न पडत नाही.

मग श्यामला उभी राहिली. वही तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि परत मागितली नाही. हेलन केलरच्या तळहातावर पाणी पडलं, भुंग्याने पीक खाल्लं, गावाने त्याला हात जोडले. निवेदन तिने इंग्रजीत केलं, साक्या मराठीत, आणि मॉन्टगोमेरीच्या साकीला ऑर्गनवाल्याने आपणहून साथ धरली.

शेवटी ती थांबून म्हणाली की आता ती एका घोडागाडीवाल्याची गोष्ट सांगणार आहे, त्याचं नाव आयझाया, आणि तो रचलेला आहे. त्याचं नाव खोटं आहे. पण ज्यांनी माणसं पोचवली, ते गाडीवाले खरे होते, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून हे एक नाव सगळ्यांच्या वतीने. पास्टरबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सगळं चर्च उभं राहिलं.

त्याआधी, मध्यंतरात, मी दारात होते. या वेळी बुक्क्याचा मोठा डबा मी स्वतः आणला होता, दोनशे माणसांना पुरेल एवढा. रांग संपत आली तेव्हा सगळ्यात शेवटी अपूर्व आला. टोपी नव्हती. डाग फिकट झाला होता पण होता. त्याने मान खाली घातली.

मला त्याला परतवून लावायचं होतं. पण आत श्यामलाने नामाचा गजर धरला होता.

मी अंगठा बुडवला आणि त्या डागावर नीट लावला. हा मात्र पुसला की जातो, हे त्याला आता माहीत होतं.